टेकव, दाबू नको

नवा डिजिटल कॅलिपर
खाऱ्या हवेनं दुसऱ्याच वर्षी आंधळा झाला.
तेव्हापासून मी बाबांचा व्हर्नियर वापरते,
मालवणच्या धक्क्यावर ट्रॉलरचे पिस्टन मोजलेला.
त्याच्या जबड्याला अजून डिझेलचा वास येतो.
स्पिरिटनं पुसते. जात नाही.

टेबलावर कापड, कापडावर सात मणके,
डोक्याकडून खाली मांडलेले.
पहिल्याला धडच नाही, नुसतं कडं.
दुसऱ्याचं एक बोट वर,
उत्तर येणाऱ्या पोरासारखं.
सातव्याचा काटा लांब,
मानेच्या मुळाशी बोटाला लागतो तोच.
(आत्ता हात मागे नेऊन पाहिलात ना?)

मणक्याच्या दोन्ही अंगांना भोक असतं,
त्यातून मेंदूकडे रक्त चढतं.
मधल्या कालव्यात मज्जारज्जू.
आणि या दोहोंच्या मध्ये हाडाचा एक देठ.
मी तो देठ मोजते.
मोडलेली मान सांधणारा स्क्रू
त्या देठातूनच जायचा असतो.
आत सरकला तर हातपाय गेले,
बाहेर सरकला तर रक्त.
आणि स्क्रूचं माप ठरलंय कुठल्यातरी थंड देशात,
आमच्यापैकी कुणाचीही मान न बघता.

एकतीस नंबरच्या पेटीत
चौथ्या-पाचव्याच्या कडांना ओठ फुटलेत.
डोक्यावर काहीतरी वाहिलं असणार, वीस-तीस वर्षं.
मासळी? चिरे? हंडे?
बाई की बाप्या, तेही पेटीवर नाही.
रजिस्टरात लांबी आहे, रुंदी आहे, कोन आहे,
वाहिलेल्याला रकाना नाही.
मी समासात शिसपेन्सिलीनं लिहिलं: ओझं?
राऊळ सर म्हणाले, अंदाज म्हणजे आकडा नव्हे.
पण खोडरबर मागितलं नाही त्यांनी.

बाबल आरोलकर शिरोड्याचा.
मे महिन्यात माडावरून पडला,
माड शेजाऱ्याचा, नारळही शेजाऱ्याचे.
त्याचा सीटी मीही पाहिला.
चौथ्याचा देठ तीन पूर्णांक नऊ,
पेटीतला सगळ्यात बारीक स्क्रू साडेतीन.
म्हणजे दोन्हीकडे पोस्टकार्डाच्या जाडीइतकं हाड,
तेही स्क्रू नाकासमोर गेला तर.
त्याची बायको दारात उभी,
हातात त्याचीच चप्पल, एकच.
"तेच्या मापाचो गावतलो मां?"
मी म्हटलं, मी फक्त मोजते.
हे बोलायला नको होतं.
संध्याकाळी त्याला गोव्याला नेलं.
पुढचं मला कळलेलं नाही.
विचारलं असतं तर कळलं असतं.

अठ्ठावन्न मानांची सरासरी काढून झाली.
तक्ता छान दिसतो, कंपनीला आवडेल.
फक्त तशी मान
त्या अठ्ठावन्नांत एकाचीही नाही.

म्हणून पुन्हा पेटी काढते.
सुकलेलं हाड जबड्यात धरलं
की बाबा कानाशी येतात, तेलकट हातांनी:
"दाबू नको गो. टेकव.
लोखंड दाबल्यार खोटा बोलता."
हाड तर त्याच्याही आधी बोलेल.
प्रत्येक देठ तीनदा मोजायचा, हा नियम.
चार पूर्णांक एक.
चार पूर्णांक एक.
चार.
नियमानं मधला धरायचा.
मी धरते. आणि तक्त्याखाली, सरांना न विचारता,
सगळ्यात लहान आकड्यांची एक वेगळी ओळ लिहिते.
पडणारा माणूस सरासरी बघून पडत नाही.

खाली रापण ओढल्याचा गलका.
वीज गेलीय, पंखा हळूहळू थांबतो.
सातही जण आपापल्या खाचेत परत,
सातवा आधी, कडं सगळ्यात वर.
रजिस्टर मिटते तेव्हा मान धरलेली असते.
हात आपोआप मागे जातो.
दाबत नाही.
नुसता टेकवते.